तेराव्याचं बियाणं

आईच्या मक्याचा पहिला दाणा यंत्रात टाकताना माझ्या मनात शंका नव्हती. दहावा आदल्या दिवशी झाला होता, गुरुवारी तेरावं होतं. मधल्या दिवसात मी शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आले ती एवढ्यासाठी, की आईचं बियाणं निरोगी आहे हे यंत्राच्या तोंडून ऐकावं आणि तेराव्याला येणाऱ्या बायांना तसं छातीठोक सांगता यावं.

या यंत्राला आम्ही दाणेवाचक म्हणतो. शिलाई मशीनच्या आकाराची पेटी आहे. वरच्या नरसाळ्यातून एकेक दाणा खाली सरकतो. एक पातं त्याच्या टोपीकडचा, म्हणजे अंकुरापासून लांबच्या रुंद टोकाचा, नखाच्या कातरणाइतका तुकडा काढतं. अंकुर शाबूत राहतो, त्यामुळे तो दाणा नंतर पेरता येतो. तुकड्यात विषाणू असला तर यंत्र त्याची जनुकीय अक्षरं ओळीनं वाचून काढतं. निरोगी दाणा डाव्या वाटीत पडतो, रोगी उजव्या. पूर्वी पोत्यातले मूठभर दाणे उगवून बघत आणि सगळ्या पोत्याचा अंदाज बांधत. हजारात एखादाच दाणा रोगी असला तर तो त्या अंदाजातून सहज निसटायचा, आणि शेताला तेवढा एक पुरतो. त्यातून उगवलेल्या रोपावरून फुलकिडे शेजारच्या रोपावर जातात, तिथून पुढच्या.

पहिला दाणा उजव्या वाटीत पडला.

मी नरसाळं पुसलं, पातं बदललं आणि पुन्हा सुरू केलं. दुसरा दाणा डावीकडे गेला. तिसरा उजवीकडे. चौथाही. मग मी आकड्यांकडे बघणं सोडलं आणि वाट्यांकडे बघत राहिले. दोन्ही जवळजवळ सारख्याच भरत होत्या. दाणेही सारखेच दिसत होते, पांढरे, टपोरे, चुलीवरच्या धुरानं किंचित पिवळे पडलेले. त्यांना आईच्या स्वयंपाकघराचा वास येत होता.

त्या साली अजिंठ्याच्या डोंगराखालचा आमचा सगळा पट्टा उभ्या मरीनं गेला होता. इथेनॉलचे कारखाने आल्यापासून तिथे मक्याशिवाय फारसं काही पेरत नसत, आणि उपसा योजनेचं पाणी आल्यापासून मक्याच्या बांधाला खेटून ऊस उभा असे. श्रावणात मक्याच्या पानांवर पिवळे ठिपके आले. दुकानदारांनी केवडा म्हणून औषध दिलं, लोकांनी उधारी करून फवारलं. केवडा ही बुरशी असते. हा विषाणू होता आणि विषाणूवर फवारायला काही नसतं. पानं कडेकडून वाळत आत आली, पोंगे, म्हणजे मधले कोवळे शेंडे, मेले, आणि भादव्यात रानंच्या रानं उभ्या उभ्या पांढरी झाली. कणसं सोलून पाहिली तर आत दाणे भरलेलेच नव्हते.

माझ्या आईचं, लंकाबाईचं, रान तेवढं हिरवं राहिलं. तीस वर्षं ती स्वतःचं बियाणं राखत होती. कणसांची सालं न तोडता त्यांच्या जुड्या बांधायची आणि चुलीच्या वर टांगायची. बियाणं मागायला आलेल्याला ती नाही म्हणत नसे आणि पैसेही घेत नसे. आमच्याकडे एक रीत आहे. बियाणं राखणारी बाई गेली, की तेराव्याला तिच्या लेकीनं आलेल्या प्रत्येक बाईच्या पदरात त्या बियाण्याची एकेक मूठ घालायची. लेकीच्याच हातानं. त्या बाईचं रान मग गावोगाव उगवत राहतं.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला तेव्हा कावळा शिवेना. ऊन चढलं. वडील, त्यांना मी दादा म्हणते, आधी म्हणाले, कावेरीची, म्हणजे माझी, काळजी करू नको. मग म्हणाले, म्हशी नीट सांभाळीन. कावळे लिंबावर बसून राहिले. शेवटी दादा हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "लंके, तुझं बियाणं घरात ठेवणार नाही. सगळ्या तालुक्याला मूठ देतो." आणि कावळा उतरला. मी असलं मानत नाही. पण त्या वेळी मलाही हायसं वाटलं. घाटावरच्या बायांनी ते ऐकलं होतं. रब्बीची पेरणी तोंडावर होती. संध्याकाळपर्यंत गावागावांत पोचलं, की जी मका मेली नाही तिचं बियाणं गुरुवारी वाटणार आहेत.

यंत्राला आणखी एक काम येतं. जुन्या काळी पोथ्या हातानं उतरवायचे तेव्हा नकलणाऱ्याच्या चुका पुढच्या नकलेत जात, आणि त्या चुकांवरून कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली ते सांगता येतं. विषाणूही स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. दाणेवाचक त्या चुका जुळवून वंशवेल काढतो. मेलेल्या रानांतले नमुने आमच्याकडे आधीच होते. कुणाचं बियाणं कुणाकडून आलं हे शोधत आम्ही महिनाभर एका बियाणे कंपनीच्या मागे होतो. वेलीचं खोड तेवढं सापडत नव्हतं.

उजवी वाटी भरली तेव्हा पडद्यावर ते खोड आलं.

"कुणाचा वाण आहे हा?" मागून मुळे सरांनी विचारलं. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. ते कधी आत आले मला कळलं नव्हतं.

"आमच्या घरचा."

ते पडद्याजवळ आले. "झाडं कशी होती?"

"हिरवीगार."

"हं," ते म्हणाले. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

जो विषाणू झाडाला मारतो त्याला बी धरायच्या आत मरावं लागतं. जो गप्प बसतो तो दाण्यात शिरून पुढच्या साली पोचतो. आई दरवर्षी आजूबाजूची झाडं पिवळी पडली तरी हिरवी राहिलेली झाडं हेरायची आणि त्यांचीच कणसं बियाण्याला धरायची. पिवळेपणा उन्हाचा, असं तिला वाटे. तिच्या नजरेनं तिनं असा मका घडवला ज्याला विषाणू सोसतो, आणि त्याच नजरेनं असा विषाणू घडवला ज्याला तो मका मानवतो. तीस वर्षं ती दोघांचीही निवड करत होती. घरच्या रानात त्यांचं जमलेलं होतं. दुकानातल्या संकरित मक्याचं कुणाशीच जमलेलं नव्हतं. त्यातून उसातला मोझॅकचा विषाणू मावा किडीमार्फत मक्यात उतरला. हे दोन विषाणू एकेकटे आले तर झाड खुरटतं. एकत्र आले तर मरतं. आईच्या मक्याला पहिला सोसत होता, म्हणून तो दोन्हींत तगला.

"मूळ गाव कृषी खात्याला कळवावं लागेल," सर म्हणाले. "गावातलं सगळं बियाणं सील होईल. पथक शनिवारी निघेल. तेरावं कधी आहे?"

"गुरुवारी."

"मग तेवढं तरी नीट पार पडेल तुझं."

मी त्यांना मुठीचं सांगितलं. ते स्टुलावर बसले.

"थांबव मग."

"थांबणार नाहीत, सर. त्यांना वाटेल मी कंपनीला विकलं."

"मग मी काय करू? पोलीस घेऊन येऊ तुझ्या आईच्या तेराव्याला?"

"डाव्या वाटीतले दाणे देते," मी म्हणाले. "यंत्र घरी नेते. दिवसरात्र बसते. रोगी काढून टाकते, निरोगी वाटते."

सरांनी डाव्या वाटीतले दहा दाणे घेतले आणि सुरीनं अंकुर उभे चिरले. "आपलं पातं टोपीकडचा तुकडा घेतं. विषाणू अंकुरात असेल आणि टोपीपर्यंत आला नसेल तर?" त्यांनी ते अंकुर यंत्रात घातले. दहातले तीन उजवीकडे गेले.

"अंकुर कापल्याशिवाय खात्री नाही," ते म्हणाले.

"अंकुर कापला तर उगवणार नाही."

"नाही."

तरीही दुपारभर मी कापत बसले. एखादं कणीस तरी पूर्ण निरोगी निघेल, मग त्याचेच थोडे दाणे न कापता ठेवता येतील, असा माझा हिशोब होता. प्रत्येक कणसात रोगी दाणे सापडले. संध्याकाळी टेबलावर आईच्या मक्याचा ढीग होता आणि त्यात उगवू शकेल असा एकही दाणा नव्हता.

घरी पोचले तेव्हा दादा ओट्यावर दोन कणसं एकमेकांवर घासत दाणे सोडवत बसले होते. शेजारी दोन पोती जवळजवळ भरली होती. त्यांची बहीण, कौतिकआत्या, आत भाकरी थापत होती.

"दादा, हे बियाणं वाटता यायचं नाही."

"कामून? सोंडे लागले?"

किडीचं कारण मला सोपं वाटलं. "हो."

आत्या आतून हसली. "सोंड्याचं काय घेऊन बसली बये! पाखडून देऊ. यंदा बाया सोंड्यासकट नेतील."

मग मला खरं सांगावं लागलं. दादा ऐकत होते आणि कणसं घासत होते.

"साऱ्या शिवारात तिची एकटीची मका उभी राहिली," ते म्हणाले. "रोग मेलेल्या मकात असतो का उभ्या मकात?"

"दोन्हीत आहे. आपली गावठी गाय आठवते? लाळ्या-खुरकूत झाला तरी चार दिवसांत चरायला लागायची."

"व्हय."

"आणि तिच्या गव्हाणीला बांधलेली शेजारच्या आबांची जर्सी मेली."

"जर्सी मेली त्यात गाईचा काय दोष?"

"दोष नाही. पण मग गाईला दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायची का?"

दादांचे हात थांबले. घासताना त्यांच्या अंगठ्याचं साल निघालं होतं, ते त्यांनी दातानं तोडलं.

"म्हंजी लोकांची रानं लंकीनं मारली?"

"तिला माहीत नव्हतं, दादा."

"तसं नाही विचारलं मी."

"तिच्या बियाण्यातून गेला."

आत्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली होती. "हे यंतर सांगतंय? ज्या बाईनं साऱ्या गावाला खाऊ घातलं तिच्या माथी हे मारतंय? अन् तू ऐकून आलीस? तिच्या पोटची ना तू?"

"आत्या, मी स्वतः कापून पाहिलंय."

"कापूनच पाहशील. पेरलंस कधी?"

दादा उठले. "मी तिला तोंडानं बोललोय," ते म्हणाले. "घाटावर. साऱ्यांच्या म्होरं. कावळा त्याच्यावर उतरलाय. तुझ्या हातानं द्यायचं नसलं तर मी देईन माझ्या हातानं." आणि ते म्हशींकडे गेले.

बुधवारी सकाळी अलका आली. ती शेजारच्या रानातली, माझ्याच वयाची. नवरा इथेनॉलच्या कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. मका गेल्यापासून कारखाना बंद होता, आणि तिच्या चार म्हशी उसाच्या वाढ्यावर, शेंड्याच्या पाल्यावर, दिवस काढत होत्या. तिनं तेराव्यासाठी शेणानं अंगण सारवायला घेतलं.

"माझ्यासाठी दोन मुठी ठेव हं कावेरी," ती म्हणाली. "मला काकूंच्या मकाची पारख हाय. औंदा काकूंनी मला थोडं बी दिलतं. मी काय केलं, दुकानातली मका आत पेरली अन् काकूंची काठाच्या ओळीत. बघ म्हणलं कोण तगतं."

"मग?"

"मग काय! आतली समदी गेली. काठाच्या ओळी नवरीवानी उभ्या."

"आतली कुठून वाळायला लागली? आठवतं का तुला?"

ती हात थांबवून विचार करू लागली. "काठाकडून," ती म्हणाली. "काठाकडून आत." आणि पुन्हा सारवू लागली.

मी तिथेच तिला सांगायला हवं होतं. तिच्या सारवलेल्या ओल्या अंगणात पाय न ठेवता मी मागच्या दारानं आत गेले.

दिवसभर फोन येत होते. दूरच्या गावांतून टेम्पो करून बाया येणार होत्या. दादांनी अजून दोनदा सांगून पाहिलं, की मूठ लहान घालू पण घालू. मी पोती खोलीत ठेवून कुलूप लावलं असतं तर त्यांनी ते तोडलं असतं, आणि त्यांनी नाही तर गावानं. शनिवारच्या पथकाला रिकामी पोती सापडली असती, आणि त्याच आठवड्यात आईचा मका सगळ्या तालुक्यात उसाच्या शेजारी पेरला गेला असता. पुढच्या भादव्यापर्यंत नवे पट्टे पांढरे झाले असते. दाणे जाळावे असंही मनात आलं. पण तेराव्याच्या घरी आलेल्या बाईला रिकाम्या पदरानं परत पाठवायचं हे माझ्यानंही झालं नसतं. माझ्याही अंगात तीच रीत होती.

संध्याकाळी दादा गावकीची भांडी आणायला गेले. मी मागच्या अंगणातल्या मोठ्या पातेल्यात पाणी ओतलं आणि दोन्ही पोती त्यात रिकामी केली.

आत्यानं पाहिलं. "बियाणं भिजवून वाटतात होय?"

मी दाणे पाण्याखाली दाबत राहिले.

"औषध लावतीस का?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मोठा श्वास सोडला. "अगं मग आधीच नाही का सांगायचं, औषध हाय म्हणून! उगं त्याच्या जिवाला घोर लावलास." ती हसत आत गेली, आणि दादा परतल्यावर तिनं त्यांना सांगितलं असावं, कारण त्या दिवशी दादा पहिल्यांदा पोटभर जेवले.

उजाडता उजाडता मी पातेल्याखाली जाळ केला.

दुष्काळाच्या जुन्या हकिकती मी पुष्कळ वाचल्या आहेत. माणसं उपाशी मेलेली सापडत आणि घरात बियाण्याचं मडकं तोंड बांधून तसंच असे. ते वाचताना मला त्या माणसांचा अभिमान वाटायचा. पाण्याला आधण आलं आणि दाणे वरखाली होऊ लागले तेव्हा मी त्या मडक्यांचा विचार करत होते. आईनं एकदाही, अगदी पाण्याविना पीक गेलं त्या सालीही, बियाण्याच्या जुडीतलं कणीस आम्हाला खाऊ दिलं नव्हतं.

धूर बघून आत्या धावत आली. पातेल्यात बघितलं आणि तिनं तोंडावर हात मारला.

"घुगऱ्या? अगं घुगऱ्या घातल्यास?"

घुगऱ्या आमच्याकडे बारशाला वाटतात. मूल जन्मल्याचा आनंद म्हणून शिजवलेलं धान्य गल्लीभर देतात. मेलेल्या माणसाच्या घरी त्यांचं नावही काढत नाहीत.

"माणूस गेलंय गं या घरातलं! तुला कळतंय का काय करतीस?"

"कळतंय, आत्या."

"देवा रे! ये रे तेजराव, बघ तुझ्या लेकीचं!"

दादा आले. पातेल्यापाशी उभे राहिले. मला वाटलं ते पातेलं लाथेनं उलथतील, आणि मी जाळाच्या अलीकडे सरकले. उलथलं असतं तरी चाललं असतं. दाणे मेले होते. पण ते नुसते बघत होते. वाफेनं त्यांचा चेहरा ओला झाला.

"एखादं कणीस तरी ठिवलंस का?" त्यांनी विचारलं.

"प्रयोगशाळेत थोडे दाणे आहेत. थंड कपाटात."

"पेरायला?"

"नाही, दादा. रोगाचा नमुना म्हणून."

ते घरात गेले. माळ्यावर शिडी लावल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुडी होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. त्यातली कणसं पोत्यांतल्यापेक्षा मोठी होती. आईनं ती वेगळी काढली होती, आणि ती आहेत हे दादांनी मला सांगितलं नव्हतं. ते जाळापाशी बसले, दोन कणसं हातात घेतली आणि एकमेकांवर घासू लागले. दाणे सरळ उकळत्या पाण्यात पडत होते. आत्या त्यांच्याकडे बघत होती. मग ती खाली बसली आणि तिनंही एक कणीस उचललं.

"तिचा हात लई चांगला होता," ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली.

दुपारी अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. बाया सारवलेल्या जमिनीवर ओळीनं बसल्या, ओळ रस्त्यापर्यंत गेली. पान वाढून झालं, जेवणं झाली. मग त्यांनी पदर पसरले. आत्या आणि मी पातेलं उचलून आणलं. वाफ निघत होती, आणि ओळीत पुढे बसलेल्या म्हातारीनं ती आधी पाहिली.

"हे काय गं?"

"घुगऱ्या वाटतीय ही!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बारसं हाय का तेरावं?"

"बियाणं कुठंय? आम्ही टेम्पोचं भाडं भरून आलो!"

"ती कंपनीत हाय ना! बियाणं पोचलं तिकडं. आपल्याला घुगऱ्या!"

दादा दारात उभे राहून म्हणाले, "माझी लेक कंपनीत नाही. तिला बोलू द्या." त्यांचा आवाज एवढा लहान होता, की पुढच्यांनीच ऐकला. पण पुढचे गप्प झाले आणि मग मागचेही.

मी भाषण तयार केलं होतं. फुलकिडे, मावा, उसातला विषाणू, दाण्याचा अंकुर. त्यातलं काहीच आलं नाही.

"तुमची रानं आईच्या बियाण्यातून गेली," मी म्हणाले. "तिला माहीत नव्हतं. तिच्या मक्यात रोग होता, पण त्याला तो सोसत होता. तुमच्याला सोसला नाही. हे पेरलं असतं तर उरलेली रानंही गेली असती. शिजवलेलं खायला चालतं. माणसाला काही होत नाही. तिनं दिलेलं तुमच्याकडे काही उरलं असेल तर तेही शिजवा. पेरू नका."

एक बाई उठली, पदर झटकला आणि निघून गेली. तिच्या मागे आणखी काही गेल्या. पुढच्या म्हातारीच्या पदरात मी मूठ घातली, तर तिनं ती पायरीवर ओतली आणि म्हणाली, "माझ्या घरी तिची दोन कणसं हायेत. माझ्या हातात दिलीत तिनं. तुला नाही द्यायची." ती काठी टेकत रस्त्याला लागली. मला तिचं गाव माहीत होतं. शनिवारी पथकाला ते सांगावं लागणार होतं.

अलका ओळीच्या मध्ये बसली होती. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "काठाकडून आत."

"हो."

"मीच पेरल्या की गं त्या ओळी."

"तुला काय माहीत!"

"काल माहीत होतं तुला. मी सारवत होते तवा." मी हातातली मूठ पुन्हा पातेल्यात सोडली. ती म्हणाली, "आता पेरू काय?"

"मका नको. एक-दोन हंगाम रानात मका दिसायलाच नको, म्हणजे विषाणूला राहायला जागा उरणार नाही. हरभरा पेर."

"हरभरा पेरते. अन् म्हशींना काय घालू?"

"मला माहीत नाही, अलका."

तिनं माझ्याकडे बघितलं. एवढं शिकून मला हे माहीत नव्हतं, आणि मी ते लपवलं नव्हतं. यातलं नक्की काय तिला पटलं ते मला कळलं नाही. तिनं पदर पुढे केला. "घाल."

मी मूठ घातली. तिनं एक दाणा तोंडात टाकला, चावला.

"मीठ विसरलीस," ती म्हणाली आणि दुसरा दाणा घेतला.

तिच्या शेजारच्या बाईनं पदर पसरला. मग तिच्या शेजारच्या. काही पदर बांधून घेत होत्या, काही तिथंच खात होत्या, काही रडत होत्या. मी पुढे सरकत राहिले. ओळ संपली तेव्हा पातेल्याच्या तळाला थोडं पाणी आणि फुटलेली टरफलं उरली होती.

बाया गेल्या. अंगणात सांडलेले दाणे कोंबड्या टिपत होत्या. दादा पातेल्यापाशी आले आणि आत वाकून बघितलं.

"सरली?"

"सरली, दादा."

"समदी?"

"सगळी."

त्यांनी पातेलं तिरकं केलं, तळाचं पाणी एका बाजूला आणलं. आमच्या अंगणातून पाण्याचा पाट सरळ रानात जातो. रोजचं खरकटं पाणी तिकडेच टाकतात. ते पातेलं धरून तिकडे चार पावलं गेले आणि थांबले.

"हे पाणी रानाकडं टाकलं तर चालंल का गं?"

"चालेल. उकळलेलं आहे."

त्यांनी मान हलवली. मग ते वळले, पातेलं दोन्ही हातांनी उचलून फाटकाबाहेर घेऊन गेले आणि डांबरी सडकेवर, जिथं काही उगवत नाही तिथं, त्यांनी ते पाणी हळूहळू ओतलं. सडक वाळेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.